घ्यायची पायली, द्यायची पायली

‘अनेक देशांत धंदा करणाऱ्या कंपन्या आणि नीतीचे प्रश्न’ हा विषय वसंत व्याख्यानमालेसाठी आम्ही सुचविला, तेव्हा गोंदियाच्या श्रोत्यांना त्यात काय गोडी वाटणार, अशी शंका काही स्नेह्यांनी बोलून दाखविली. ज्यांच्या कचेऱ्या लंडनला, न्यूयॉर्कला किंवा बाझलला, त्यांच्या नीतीचा विचार धानाच्या आणि बिडीच्या गावाने कशासाठी करावा? शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर शोधण्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागत नाही. गोंदियाहून बालाघाटपर्यंत गेले तरी पुरते.

बिडीचा धंदा पाहा. त्याला यंत्र लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. तेंदूची पाने, तंबाखू, सूत, एक कात्री आणि मांडीवर एक सूप, एवढ्यावर तो चालतो. बाई पाने आणि तंबाखू घरी आणते, बिड्या वळते, आणि हजार बिड्यांमागे ठरलेली मजुरी तिच्या हाती पडते. अशा धंद्याला पाय असतात. एका राज्याने हजारी दर वाढविला की पान-तंबाखूची पोती सीमेपलीकडच्या सट्टेदाराकडे जातात. अलीकडची बाई रिकामी बसते, पलीकडची बाई कमी दराने काम करते, आणि दोघींना मालक एकच सांगतो की, तुम्हाला परवडत नसेल तर दुसरीकडे पुष्कळ हात आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भंडारा आणि बालाघाट हे जिल्हे एकाच राज्यात होते. त्या दिवशी राज्ये नव्याने बांधली गेली आणि मध्ये सीमा आली. बाईचे बोट तेच, पानही त्याच जंगलातले. परंतु मजुरीचे दर ठरविणारी सरकारे दोन झाली.

ही अडचण एकट्या आमच्या भागाची नव्हती. मद्रास राज्याने १९५८ साली बिडीच्या कारखान्यांसाठी कायदा केला, इतर काही राज्यांनीही प्रयत्न केले. परंतु एका राज्याच्या कायद्याने हा धंदा हाती लागेना. अखेर १९६६ साली संसदेने बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा केला. हा धंदा फिरता आहे आणि काही राज्यांनी केलेले कायदे सफल झालेले नाहीत, हे कारण त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नमूद होते. म्हणजे धंदा जेवढ्या मुलखात फिरतो, तेवढ्या मुलखावर कायद्याचा हात पोहोचला पाहिजे, ही गोष्ट बिडीच्या सुपातून दिल्लीपर्यंत गेली.

त्या कायद्यातील दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची होती. बिडी-मालक नेहमी म्हणे की, ही बाई माझी नोकर नव्हे, तिला मी ओळखतही नाही. मी सट्टेदाराला माल देतो आणि त्याच्याकडून बिड्या घेतो. कायद्याने ‘मुख्य मालक’ ही कल्पना आणली. घरी बसून बिड्या वळणारीही कामगार ठरली आणि सट्टेदाराच्या पाठीमागे उभा असलेला खरा मालक कायद्याच्या कक्षेत आला. मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ साली न्यायालयाने हा कायदा उचलून धरला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत हा कायदा विलीन झाला. त्याची अंमलबजावणी कधीच धड झाली नाही, हे बिडीच्या कोणत्याही बाईला विचारावे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांची छाट तिच्या मजुरीतून जाते आणि त्या बिड्या मात्र मालकाकडेच राहतात, ही तक्रार जुनी आहे. परंतु तत्त्व म्हणून त्या कायद्याने दोन गोष्टी मान्य केल्या. एक, सीमा ओलांडणाऱ्या धंद्याला सीमा ओलांडणारा कायदा हवा. दोन, मध्यस्थाच्या आडून मुख्य मालकाला निसटता येऊ नये. पुढे जे सांगायचे आहे ते सारे या दोन गोष्टींभोवती फिरते. राज्याच्या सीमेच्या जागी देशाची सीमा घ्यावी आणि सट्टेदाराच्या जागी इथली दुय्यम कंपनी घ्यावी, म्हणजे झाले.

परदेशी कंपनी या भागाला नवी नाही. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट स्थापन झाली आणि पुढे तिचीच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. तिची नोंदणी विलायतेतील, खाणी मात्र इथल्या: भंडारा जिल्ह्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटकडील भरवेली आणि उकवा. पोलाद बनविताना मँगनीज लागतेच, त्यामुळे या मातीला साऱ्या जगात गिऱ्हाईक होते. खनिज वाहून नेणारी बंगाल-नागपूर रेल्वे हीदेखील लंडनच्याच कंपनीची. खड्डा इथे राहिला आणि लाभांश तिकडे गेला. त्या काळच्या देशभक्तांना त्यावरचा उपाय स्पष्ट दिसत होता: मालकी आपल्याकडे घ्यावी. तसे झालेही. १९६२ साली करार होऊन मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी निघाली आणि तिचे ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून घेतले. उरलेले ४९ टक्के १९७७ साली घेण्यात आले. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु मालक बदलला म्हणजे प्रश्न संपला, अशी जी समजूत आमच्या चळवळीत पुष्कळ दिवस होती, ती आम्हांस पुरेशी वाटत नाही. आजची कंपनी खाण विकत घेत नाही. ती बाटली विकते, पेटंट विकते, वीज विकते, किंवा शिवून घेतलेला सदरा उचलते. तिथे मालकी कशाची ताब्यात घेणार?

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि झोपेतली माणसे हजारोंनी मेली, हे सर्वांस ठाऊक आहे. श्रोत्यांचे लक्ष आम्ही त्यानंतरच्या गोष्टींकडे वेधू इच्छितो. कारखाना युनियन कार्बाइड इंडिया या कंपनीचा. तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकन कंपनीच्या हातात होते. टाकी थंड ठेवणारी शीतयंत्रणा १९८४ च्या मध्यापासून बंद होती, आणि त्या रात्री बचावाच्या इतर यंत्रणाही उपयोगी पडल्या नाहीत. नफ्याच्या हिशोबात ही कंपनी अमेरिकन कंपनीची मुलगी होती. जबाबदारीच्या वेळी ती स्वतंत्र संसार करणारी परकी बाई ठरली.

भारत सरकार स्वतः न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले आणि म्हणाले की, एवढा मोठा दावा चालवायला आमची न्यायालये अपुरी आहेत. अमेरिकन कंपनी म्हणाली की, छे, भारताची न्यायालये उत्तम आहेत, दावा तिकडेच चालवावा. आपल्या न्यायदेवतेची इतकी तारीफ परदेशी कंपनीने क्वचितच केली असेल! कारण उघड होते. तिकडे माणसाच्या जिवाची नुकसानभरपाई एका मापाने मोजली जाते आणि इकडे दुसऱ्या. मे १९८६ मध्ये न्यायाधीश कीनन यांनी दावा भारतात पाठविला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. अमेरिकन कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन भारतातील खटल्याला कधीच हजर राहिले नाहीत. ते २०१४ साली अमेरिकेत वारले. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा दिली. दरम्यान २००१ साली डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली आणि जुने देणे आपल्याला लागू नाही असे सांगितले. वाढीव भरपाईची सरकारची शेवटची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडलेला विषारी कचरा तिथून हलायला जानेवारी २०२५ उजाडला.

बिडीच्या धंद्यात ज्याला आम्ही सट्टेदाराचा पडदा म्हणतो, तो हाच. फरक एवढाच की, तिथे १९६६ साली संसदेने पडदा थोडा बाजूला केला. इथे पडदा दोन देशांच्या मध्ये आहे आणि तो दूर करण्याचा अधिकार कोणत्याच एका संसदेला नाही.

भोपाळ ही दुर्घटना होती, असे काहींना म्हणता येईल. आता जे उदाहरण घ्यावयाचे आहे त्यात ना कारखाना फुटला, ना टाकी. ते आपल्याच विदर्भातले आहे, आणि धानावर तुडतुडा किंवा खोडकिडा आला की पंप पाठीवर घेणाऱ्या गोंदियाच्या मजुराला ते जवळचे वाटावे असे आहे.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर पटापट आजारी पडू लागले. डोळ्यांपुढे अंधारी येई, उलट्या होत, श्वास अडके. त्या एका जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. कारणे अनेक होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येई. कीड फार होती म्हणून दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात. हातमोजे, मुखवटा, चष्मा यांचा पत्ता नव्हता. राज्य सरकारने चौकशी नेमली आणि काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली.

वापरल्या गेलेल्या औषधांत ‘पोलो’ हे एक होते. त्यातील विषाचे नाव डायफेन्थियुरॉन, आणि विकणारी कंपनी सिंजेंटा, जिचे मुख्य ठाणे स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आहे. त्याच २०१७ साली चीनच्या सरकारी रासायनिक कंपनीने सिंजेंटा विकत घेतली, त्यामुळे तिला स्विस म्हणावे की चिनी, हा वादाचा विषय आहे. तो आम्ही सोडून देतो. डायफेन्थियुरॉनला युरोपीय संघात परवानगी नव्हती, आणि स्वित्झर्लंडनेही ते २००९ साली आपल्या यादीतून काढले होते. स्विस शेतकऱ्याने ते स्वतःच्या शेतात मारावयाचे नाही, असे ठरून आठ वर्षे झाली होती. परंतु ते तिथून बाहेर पाठविण्यास बंदी नव्हती, आणि यवतमाळच्या दुकानात ते कायदेशीरपणे विकले जात होते. आमच्या जुन्या धान-व्यापाऱ्यांत काहींच्या घरी घ्यायची पायली एक आणि द्यायची पायली दुसरी असे म्हणत. ती गोष्ट इथे दोन देशांच्या सरकारी शिक्क्यांनिशी चालू होती.

कंपनीचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ती म्हणते की, आमच्या मालामुळेच हे मृत्यू झाले असे सिद्ध झालेले नाही. भारताच्या सरकारने परवाना दिला आहे. प्रत्येक देशाची पिके आणि कीड वेगळी असते, म्हणून एका देशाने काढलेले औषध दुसऱ्या देशात गैर ठरत नाही. आणि वापराच्या सूचना वेष्टनावर दिलेल्या आहेत. यातील तिसरा मुद्दा अगदीच पोकळ नाही. कापूस स्वित्झर्लंडमध्ये होत नाही. परंतु माणसाचे फुप्फुस दोन्ही देशांत सारखेच असते. ज्या औषधासाठी तिकडे शिकलेल्या, मुखवटा घातलेल्या शेतकऱ्यावर विश्वास टाकता येत नाही, ते इकडे बत्तीस-चाळीस अंशांच्या उकाड्यात, उघड्या अंगाने, रोजंदारीवर फवारणाऱ्या माणसाच्या हाती देताना सूचना छापल्या म्हणजे कर्तव्य संपले, हे आम्हांस मान्य नाही. आणि सूचना वाचणार कोण? औषध विकत घेतो शेतकरी, सल्ला देतो दुकानदार, पंप पाठीवर घेतो मजूर. वेष्टनावरचा रंगीत त्रिकोण मजुराच्या नजरेस पडण्याआधी बाटली बादलीत रिकामी झालेली असते. ही साखळी कंपनीला ठाऊक नसते असे कोणी म्हणू नये. माल कोणत्या गावात किती खपतो हे तिला पोतेनिशी माहीत असते. मग तो कोणाच्या पाठीवरून खपतो हे तिला कसे माहीत नसावे?

पुराव्याचा मुद्दा अधिक कठीण आहे. यवतमाळच्या सरकारी नोंदींत ‘पोलो’शी संबंधित विषबाधेची ९६ प्रकरणे आढळली, त्यांत दोन मृत्यू होते, असे त्या नोंदी मिळविणाऱ्या संस्थांनी दाखवून दिले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ शेतकरी व शेतमजुरांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये तक्रार करण्यात आली. श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने कंपन्यांसाठी काही मार्गदर्शक नियम केले आहेत, त्यांखाली ही तक्रार होती. त्याच सुमारास मृतांपैकी दोघांच्या विधवा आणि बचावलेला एक शेतकरी यांच्या वतीने भरपाईची मागणी बाझल येथे करण्यात आली. पहिल्या तक्रारीत तडजोड झाली नाही, आणि त्या नियमांना कायद्याचे बळ नसल्याने पुढे कोणाला काही करताही येईना. परंतु एक गोष्ट घडली. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. यवतमाळच्या माणसांसाठी ती उशिरा आली. तरी जे आपल्या शेतात चालत नाही ते दुसऱ्याच्या शेतात पाठवू नये, इतकी साधी गोष्ट एका देशाच्या नियमात आली.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आमचे भाषण परदेशद्वेषाचे ठरेल. परदेशी कंपनी वाईट आणि देशी मालक चांगला, असा आमचा अनुभव नाही. गावच्या राइस मिलमधल्या हमालाला जी मजुरी आणि जी धूळ मिळते, त्यापेक्षा बाहेरच्या कंपनीच्या कारखान्यात पुष्कळदा बरे असते. निदान तिथे वेतनचिठ्ठी मिळते. आणि सीमेपलीकडे गेलेला आपला मालकही काही संत होत नाही. यूपीएल ही कीटकनाशकांची मोठी कंपनी, ठाणे मुंबईला. जुलै २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहराजवळ तिचे गोदाम दंगलीत पेटले. धुराने आसपासची वस्ती कित्येक दिवस हैराण झाली, रसायने वाहून नदीत आणि समुद्रात गेली, मासे मेले, किनारे बंद ठेवावे लागले. आग दंगेखोरांनी लावली, हे खरे. परंतु एवढा विषारी साठा वस्तीजवळ ठेवण्यासाठी लागणाऱ्या काही परवानग्या नव्हत्या, असे तेथील सरकारी तपासात म्हटले गेले. कंपनीने तो आक्षेप मानला नाही. वाद सगळा ओळखीचा आहे. फक्त भोपाळच्या जागी डर्बन आले, आणि जिथे आपण भोपाळकर म्हणून उभे होतो तिथे आता कोणी आफ्रिकन कोळी उभा आहे. त्याच्याविषयी मुंबईच्या वर्तमानपत्रांत फारसे आले नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

मग जगाच्या पातळीवर १९६६ च्या बिडी-कायद्यासारखे काही आहे काय? कागद पुष्कळ आहेत. मघाशी सांगितलेले मार्गदर्शक नियम प्रथम १९७६ साली झाले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९७७ साली जाहीरनामा काढला. संयुक्त राष्ट्रांत आचारसंहितेचा मसुदा पंधरा वर्षे घोळला आणि १९९२ साली सोडून देण्यात आला. २०११ साली नवी तत्त्वे आली, तीही ऐच्छिक. बंधनकारक कराराची बोलणी २०१४ च्या ठरावापासून जिनीव्हात चालू झाली. फ्रान्सने मात्र २०१७ साली कायदा करून आपल्या मोठ्या कंपन्यांवर दुय्यम कंपन्यांच्या आणि पुरवठादारांच्या कारभाराकडेही लक्ष देण्याचे बंधन घातले. हा आमच्या ‘मुख्य मालका’चाच चुलतभाऊ होय.

आम्हांस सर्वांत अधिक शिकविणारे उदाहरण वाटते ते बांगलादेशचे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक शिवणकामगार, बहुतेक मुली, मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर घेतले गेले. परदेशी दुकानदार कंपन्या म्हणाल्या की, कारखाने आमचे नव्हेत, आम्ही फक्त माल घेतो. सट्टेदाराचीच भाषा! परंतु त्याच वर्षी जागतिक कामगार संघटनांनी या कंपन्यांशी एक करार केला. त्यात इमारतींची तपासणी होती, दुरुस्तीला पैसा होता, आणि मुख्य म्हणजे वाद झाल्यास कामगार संघटना कंपनीला लवादापुढे खेचू शकत होती. कामगार संघटनांनी दोन कंपन्यांविरुद्ध हेग येथे तसा वाद नेला, आणि २०१८ च्या जानेवारीत त्यांपैकी एका कंपनीला २३ लाख डॉलर देणे कबूल करावे लागले. ऐच्छिक तत्त्वांतून एवढे कधी निघाले असल्याचे आमच्या पाहण्यात नाही. करारावर कामगारांची स्वतःची सही होती, म्हणून हे झाले.

फवारणीच्या बाबतीत अशी सही कोण करणार, हा प्रश्न आम्ही आमच्या कार्यकर्त्यांपुढे ठेवला आहे. शिवणकाम करणारी मुलगी एका कारखान्यात असते, तिची हजेरी असते. फवारणारा मजूर आज या बांधीत, उद्या त्या बांधीत. कोणत्या दिवशी कोणाच्या शेतात कोणते औषध मारले याची नोंद कोठेच नाही, आणि यवतमाळची माणसे जिथे अडली ते ठिकाण हेच होते: बाटली फेकली गेली होती, पावती शेतकऱ्याकडे होती किंवा नव्हती, आणि माणूस रुग्णालयात बेशुद्ध होता. बिडीच्या बाईचीही एकेकाळी अशीच कोठे नोंद नव्हती. तिच्या हाती ओळखपत्र आणि हिशोबाची वही यावी म्हणून भंडाऱ्यापासून सागरपर्यंतच्या संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. यंदाच्या रोवण्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत फवारणीची एक साधी वही ठेवावी, तीत मजुराचे नाव, शेत, तारीख, औषधाचे नाव आणि बाटलीवरचा बॅच क्रमांक लिहावा, आणि रिकामी बाटली हंगाम संपेपर्यंत फेकू नये, अशी मागणी आम्ही ग्रामसभांपुढे नेत आहोत. वहीला फार खर्च नाही. बॅच क्रमांक मात्र बाटली उघडण्याआधी लिहून घ्यावा लागेल, कारण ओल्या हातांनी तो बहुधा पुसला जातो.